रस्ता मोजणाऱ्या चाकाची साक्ष

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणाची तरी सायकल मोडली, तिचं एक चाक तेवढं उरलं आणि त्याला कुणीतरी काठी जोडून ठेवली. तसं नाही. मी रस्ता मोजायचं चाक आहे, आणि आता बरंच म्हातारं झालेलं. माझा घेर बरोब्बर एक मीटर. मी एकदा पूर्ण फिरलो की दांड्यावरच्या लहानशा डबीत 'टक्' होतं आणि आकडा एकानं पुढे सरकतो. रस्ता कुणी बांधला, कशासाठी बांधला, हे मला कळत नाही. माणसाला किती चालावं लागलं, तेवढं मात्र कळतं.

मला घडवणारा कारागीर एका कानानं बहिरा होता. माझ्यावर रबराची धाव चढवून झाली की चांगला कान तो माझ्या डबीला लावायचा आणि मला पोलादी टेपच्या कडेनं फिरवायचा. तीनदा फिरवलं, तिन्ही वेळा आकडा जुळला, तेव्हा कुठे त्यानं मला खाली ठेवलं. "हे चाक खोटं बोलायचं नाही," असं तो शेजारच्याला म्हणाला. त्या वेळी मला ती शाबासकी वाटली. पुढे तिचं ओझं झालं.

तिथून मी रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात आलो. तिथे एक तरुण अभियंता होते. सगळे त्यांना पाठीमागे 'सरळसाहेब' म्हणत, कारण नकाशात वळण दिसलं की त्यांचं डोकं उठायचं. माणूस मात्र मनानंही सरळ होता. मजुरांच्या टोळीवर एक मुकादम होते, साहेबांहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. मला ढकलत चालायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत. "चाक हातात असलं की पाय दुखत नाहीत," म्हणायचे. त्यांचा आवाज असा खणखणीत की वहीत लिहिणाऱ्याला कधी "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं नाही.

आम्ही तिघांनी मिळून शहराबाहेरून जाणारा अकरा किलोमीटरचा रस्ता मोजला. एकदा नाही, चार वेळा. त्या वाटेत एक शाळा होती आणि शाळेच्या समोर, होणाऱ्या रस्त्याच्या पलीकडे, एक मोठी वस्ती होती. मुकादमांचं घर त्याच वस्तीत. शेवटच्या मोजणीच्या दिवशी ते शाळेच्या फाटकापासून निघाले आणि जिथे सिग्नलचं क्रॉसिंग होणार होतं त्या खुणेपाशी थांबले.

"साहेब, सहाशे दहा!"

"लिहिलं," साहेब म्हणाले.

मुकादम जागचे हलले नाहीत. "लिहिलंत ते ठीक आहे हो. पण पोरांची घरं पलीकडे, शाळा अलीकडे. म्हणजे घरातून निघायचं, सहाशे दहा इकडे यायचं, रस्ता ओलांडायचा, आणि परत सहाशे दहा मागे जायचं? कोण जाईल असं?"

"नियम आहे, मुकादम. मधे जागोजागी वाट ठेवली तर गाड्यांचा वेग तुटतो."

"तुटू द्या की."

साहेब हसले. "अहो, वेगासाठीच तर रस्ता बांधतोय!"

साहेब हसले म्हणून मुकादमही हसले, पण अर्धवट. माझा दांडा त्यांच्या मुठीत होता. मूठ लवकर सैल झाली नाही.

रस्ता झाला. आरशासारखा. उद्घाटनाला मोठी मंडळी आली, भाषणं झाली, साहेबांच्या गळ्यात हार पडला. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात कोपऱ्यात मीसुद्धा आहे. अकरा किलोमीटर सहा मिनिटांत! लोक गाडी घेऊन नुसतं फिरायला यायचे. नंतर खात्यात किरणांनी अंतर मोजणारी नवी यंत्रं आली आणि मला ऑफिसमागच्या खोलीत, जुन्या फलकांच्या गठ्ठ्यामागे उभं केलं गेलं. माझं रबर सुकलं. डबीवर गंज चढला. बाहेर काय चाललंय ते मला भिंतीपलीकडच्या बोलण्यावरून कळायचं.

शाळेसमोरच्या दुभाजकाच्या कठड्याचे दोन गज लोकांनी कापून काढले होते. खात्यानं ते परत जोडले. लोकांनी परत कापले. असं सात वेळा झालं. त्या फटीतून पोरं जायची, दूधवाला जायचा, ओझं घेतलेल्या बाया जायच्या. आणि मधूनमधून कुणीतरी पलीकडे पोचायचं नाही.

एके दिवशी दुपारी माझ्या खोलीचं दार उघडं होतं, तेव्हा ऑफिसात मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनबाई आल्या. अपघातात मोडलेली माणसं जोडणं हे त्यांचं काम. त्यांनी टेबलावर एक नकाशा उलगडला. तो एवढा मोठा होता की साहेबांना चहाचा कप मांडीवर घ्यावा लागला.

"तीन वर्षं आमच्या सिस्टर प्रत्येक जखमीच्या कागदावर अपघाताची नेमकी जागा लिहून घेताहेत," बाई म्हणाल्या. "नुसतं 'रस्त्यावर' असं लिहिलेलं आम्ही चालवून घेत नाही. आमची सर्जन लोकांची देशभराची संघटना आहे, आता सगळीकडे हेच सुरू केलंय. ह्या टाचण्या बघा. शाळेसमोर एकवीस. ह्यातली अकरा मुलं आहेत."

"लोक गाड्या बेफाम हाकतात, त्याला मी काय करू?" साहेबांचा आवाज चढला. "आणि क्रॉसिंग दिलंय की. वापरत नाहीत."

"किती लांब आहे?"

आकडा साहेबांना पाठ होता. तरी ते म्हणाले, "मोजावं लागेल."

"मग चला, मोजू. मी थांबते."

त्यांनी मला बाहेर काढलं, धूळ झटकली, डबीत तेलाचे दोन थेंब सोडले. मुकादम तेव्हा निवृत्त झाले होते, म्हणून साहेबांनी स्वतः मला ढकललं. वस्तीच्या तोंडापासून क्रॉसिंगपर्यंत सहाशे दहा. ओलांडायला चौतीस. मागे शाळेपर्यंत सहाशे दहा. एक हजार दोनशे चोपन्न मीटर. आणि फटीतून सरळ गेलं तर फक्त चौतीस. बाई सोबत चालत होत्या. शाळेच्या फाटकाशी त्या म्हणाल्या, "मला नऊ वर्षांचा मुलगा आहे. तो सरळच जाईल. टेबलावर तुमच्या मुलीचा फोटो दिसला. ती कशी जाईल?"

त्याच संध्याकाळी साहेबांनी अहवाल लिहायला घेतला. रस्त्याची आखणी चुकली आहे, शाळेसमोर गाड्यांना हळू व्हावंच लागेल असं उंचवट्याचं क्रॉसिंग करावं, वेग ताशी तीस किलोमीटरवर आणावा, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वरचे मोठे साहेब तो कागद घेऊन आले.

"आखणी चुकली? स्वतःच्या सहीनं लिहून देताय? उद्या प्रत्येक जखमी माणूस हा कागद घेऊन कोर्टात उभा राहील. खातं गोत्यात येईल आणि पहिला बळी तुमचा जाईल."

"पण साहेब, आकडे..."

"आकडे राहू द्या. वाक्य बदला."

मित्रांनो, इथे मला सांगायला जड जातं, पण खोटं बोलायचं नाही असं माझ्याबद्दल कुणीतरी म्हणून गेलंय. साहेबांनी वाक्य बदललं. 'नागरिकांमध्ये जागृती करावी' असं नवं वाक्य झालं. मग माझ्यासमोरच्या गठ्ठ्यातून एक फलक निघाला, त्याला रंग दिला गेला आणि तो कठड्याच्या फटीला लागून रोवला गेला. 'रस्ता जपून ओलांडा.' मी पुन्हा भिंतीला टेकून उभा.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगतो. मुकादम घरी बसून कंटाळणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी कामावरचं जुनं लाल निशाण शोधून काढलं आणि शाळा भरताना, शाळा सुटताना त्या फटीपाशी उभे राहू लागले. गाडी दिसली की निशाण उंच धरायचं आणि तोच खणखणीत आवाज: "थांबाऽऽ! पोरं आहेत!" बहुतेक गाड्या थांबायच्या. काही शिव्या देऊन थांबायच्या. आठ महिने हे चाललं. एका सकाळी एक मालवाहू गाडी थांबली नाही. मुकादमांनी दोन मुलींना मागे ढकललं. स्वतःला मागे घ्यायला वेळ उरला नाही.

साहेबांना दुसऱ्या दिवशी कळलं, तसे ते मला उचलून तडक तिथे गेले. का उचललं, त्यांनाही सांगता आलं नसतं. गाडीच्या टायरच्या काळ्या खुणा त्यांनी मोजल्या. एकेचाळीस मीटर. तीसच्या वेगाची गाडी ह्याच्या पाव अंतरात थांबली असती. मग तसेच ते रुग्णालयात गेले, मी हातातच. दारात सिस्टर ओरडल्या, "अहो, ते चाक कुठे आत नेताय?" तेव्हा त्यांना कळलं, आपल्या हातात काहीतरी आहे. त्यांनी मला दाराशी टेकवलं. मुकादमांची खाट दारापासून दुसरीच होती.

सर्जनबाईंनी त्यांचा जीव वाचवला होता. पाय वाचला नव्हता.

"पोरी बऱ्या आहेत ना?" मुकादमांनी आधी तेच विचारलं. आवाज पार बसला होता.

"बऱ्या आहेत," साहेब म्हणाले. "मुकादम, त्या ड्रायव्हरला मी सोडणार नाही."

"त्याला शिक्षा होईल ती होऊ दे. पण त्याच्या एकट्याच्या माथी मारू नका. एवढा रुंद, एवढा सरळ रस्ता. पाय आपसूक दाबला जातो. माझाही दाबला गेला असता." ते थोडं थांबले. "तुम्ही सही केलीत, मी चाक धरलं. रस्ता आपल्या दोघांचा आहे, साहेब."

साहेब खाटेच्या कडेला बसले आणि रडले. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

महिन्याभरानं सर्जनबाई पुन्हा ऑफिसात आल्या. या वेळी नकाशा नव्हता. "राजधानीत संसदेची समिती बसते आहे. शाळा आणि वस्त्यांपुढच्या रस्त्यांसाठी देशभर एकच कायदा व्हावा, अशी आमच्या संघटनेची मागणी आहे. आम्ही डॉक्टर लोक जखमा सांगू, आकडे सांगू. पण रस्ता असा का बांधला जातो, हे सांगणारं माणूस आमच्याकडे नाही. बावीस अभियंत्यांना पत्रं लिहिली. एकानंही हो म्हटलं नाही."

"मी तेविसावा का?"

"तुम्ही यादीत पहिले होतात. मीच तुमचं पत्र पाठवलं नव्हतं. म्हटलं, आधीच खचलेला माणूस आहे."

साहेब म्हणाले, "येतो."

मोठ्या साहेबांनी परवानगी नाकारली. साहेबांनी रजेचा अर्ज टाकला आणि मला खांद्यावर घेऊन गाडीत बसले. समितीच्या इमारतीच्या दारावर पहारेकऱ्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि बाकीची सायकल?" त्यानं विचारलं. त्या सबंध दिवसात सर्जनबाई हसल्या त्या तेवढ्याच.

आतल्या दालनात लांबलचक टेबल होतं. सर्जनबाई अर्धा तास बोलल्या. कुठल्या वयाची माणसं, कुठली हाडं, किती जण पुन्हा कामावर गेले, किती जण गेले नाहीत. एक जाडजूड सदस्य घड्याळाकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "बाई, सगळं मान्य. पण लोकांनीही जरा चालायला नको का? सहाशे मीटर म्हणजे काय मोठं अंतर आहे? आमच्या वेळी आम्ही मैलच्या मैल चालायचो."

अध्यक्षबाई पूर्वी शिक्षिका होत्या. त्यांनी चष्मा काढला. "चाक आहेच इथे. चला, सगळेच चालून येऊ."

सगळे निघाले. पुढे साहेब मला ढकलताहेत, मागे सदस्य, त्यांच्या मागे फाइली सांभाळणारे कारकून. लांब व्हरांडा, मग पायऱ्या, मग बागेला वळसा घालणारी फरशीची वाट. दोनशे, तीनशे. ऊन चांगलंच तापलं होतं. तीनशे ऐंशीच्या सुमारास जाडजूड सदस्यांनी रुमालानं मान पुसली आणि समोरच्या हिरवळीवरून तिरके चालत पलीकडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. तिथे 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी होती. त्यांचं त्यांनाच कळलं. आत येऊन बसल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग अध्यक्षबाईंनी साहेबांना विचारलं, "हे इतकं उघड आहे, तर असा रस्ता बांधलात कसा?"

"वेग हेच आमचं काम, असं आम्हाला शिकवलं होतं," साहेब म्हणाले. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि ते पुढे बोलू लागले. "पण ते कारण पुरेसं नाही. मला सांगितलं होतं. रस्ता बांधायच्या आधी माझ्या मुकादमानं त्याच जागी उभं राहून सांगितलं होतं. मी हसलो. नंतर ह्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मी खरं लिहिलं आणि घाबरून खोडलं. त्याच जागी माझा मुकादम आता पाय गमावून बसलाय. ज्यांना मी ओळखत नाही असे एकवीस त्याच्या आधीचे आहेत."

लिहून घेणाऱ्या कारकुनाचा हात थांबला होता. अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "लिहा. शब्द न् शब्द लिहा."

दुसऱ्या दिवशी ते सगळं वर्तमानपत्रात आलं. साहेबांची बढती गेली. त्यांची बदली जुन्या नकाशांच्या कोठारात झाली. खात्यातले लोक त्यांना टाळू लागले. पण त्यांना खरा घाव बसला तो वेगळ्याच दारात.

राजधानीहून परतल्यावर ते मुकादमांच्या घरी गेले. मी खांद्यावरच होतो. दार मुकादमांच्या बायकोनं उघडलं. साहेब त्यांना वहिनी म्हणत. त्यांच्या हातात तेच वर्तमानपत्र होतं.

"वहिनी..."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" त्यांचा आवाज अगदी शांत होता. "ह्यांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

"हो."

"मला एका शब्दानं बोलले नाहीत हो. इतकी वर्षं. मी त्या गाडीवाल्याला शिव्याशाप देत बसले आणि हे नुसते ऐकत राहिले. तुमची लाज राखली त्यांनी."

आतून मुकादमांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

त्यांनी साहेबांकडे एकदा नीट पाहिलं. "कुणी नाही," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

साहेब पुढे अनेकदा मुकादमांना भेटले, रुग्णालयात, व्यायाम शिकवतात त्या खोलीत, कृत्रिम पाय बसवला त्या दिवशी. मुकादम त्यांच्याशी पूर्वीसारखेच बोलायचे. त्या घराचं दार मात्र त्यांच्यासाठी उघडलं नाही, आणि त्यांनीही ते पुन्हा वाजवलं नाही.

कायदा व्हायला दोन वर्षं लागली. सर्जनबाईंनी किती खेपा घातल्या, किती दारांत ताटकळल्या, ह्याची मोजणी माझ्याकडे नाही. शाळेपुढे आणि वस्तीपुढे वेग तीसच्या वर नको, असं ठरलं. रस्त्याच्या आखणीवर सही करणाऱ्यानं तो आधी पायी चालून बघायचा, असंही ठरलं. आमच्या शाळेसमोर उंचवट्याचं रुंद क्रॉसिंग झालं. तिथल्या टाचण्या कमी झाल्या. "कमी झाल्यात, थांबल्या नाहीत," सर्जनबाई प्रत्येक सभेत सांगतात, कारण टाळ्या वाजल्या की लोक ऐकायचं थांबवतात. जुने रस्ते हजारो आहेत. त्यांच्या रुग्णालयातल्या खाटा अजून रिकाम्या राहत नाहीत.

साहेब निवृत्त झाले. आता ते नव्या अभियंत्यांच्या प्रशिक्षण वर्गात शिकवतात आणि मी त्यांच्यासोबत असतो. माझी धाव दोनदा बदलली. डबीची काच तडकली आहे. आकडा अजून बरोबर सांगतो.

मागच्या महिन्यात त्यांच्या वर्गातून गेलेल्या एका तरुण अभियंत्रीचा फोन आला. एका दवाखान्यासमोरून जाणाऱ्या नव्या रस्त्याचा नकाशा तिच्या टेबलावर सहीसाठी आला होता. ती सकाळी तिथे गेली, दवाखान्यात येणाऱ्या एका आजोबांच्या चालीनं चालून आली, आणि नकाशात सिग्नलला जेवढे सेकंद दिले होते, तेवढ्यात आखलेल्या रस्त्याची निम्मीच रुंदी ओलांडून झाली.

"वरून फार दाब आहे, सर," ती म्हणाली. "नोकरीला वर्षही झालं नाही माझ्या. काय करू?"

साहेबांनी तिला काय करायचं ते सांगितलं नाही. "तू काय करणार आहेस?" एवढंच विचारलं, आणि फोन कानाशी धरून वाट बघत राहिले. मी शेजारी भिंतीला टेकून होतो. मला त्या क्षणी फार भीती वाटली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी गाडी चालवाल, कुणी रस्ते आखाल, कुणी सह्या कराल. तुमच्या पायाखालच्या गाडीचा वेग तुमच्या हातात आहे, तो आवरा. आणि कुणी साधा माणूस तुमच्याजवळ येऊन "इथून माणसं कशी जाणार?" असं विचारेल, तेव्हा हसू नका. थांबा, आणि त्याच्याबरोबर चालून बघा.

त्या मुलीनं नकाशावर सही केली नाही. सहीच्या जागी तिनं लाल पेनानं लिहिलं: 'मी चालून पाहिलं. माणूस पलीकडे पोचत नाही.' तिचं पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. नकाशा परत गेला आहे, आणि तो रस्ता अजून बांधलेला नाही.